आधीचा वारा, नंतरचा वारा

"वैजू, तू आज कीबोर्डला हात लावायचा नाहीस," मणेरीकर सर म्हणाले. "इथे बस, नाहीतर घरी जा. पण हात लावायचा नाही."

मी बसले. घरी जाऊन काय करणार होते? घरी आई होती, आणि तिच्याभोवती निम्मी वाडी जमली होती. जो तो तिला धीर देत होता आणि जो तो तिचा धीर आणखी खचवत होता. इथे निदान काहीतरी चाललं होतं.

म्हणजे चालत नव्हतंच. सलीलसमोरच्या स्क्रीनवर पुन्हा तोच निरोप आला होता. मेमरी संपली, प्रोग्राम बंद. सकाळपासून तो निरोप इतक्या वेळा पाहिला होता की डोळे मिटले तरी तोच दिसत होता.

आमच्या केंद्राचं काम तसं साधं सांगता येण्यासारखं होतं. समुद्रात इंजिन बंद पडलेली होडी वाऱ्यानं आणि प्रवाहानं वाहत कुठवर गेली असेल, ते आमचा प्रोग्राम सांगायचा. तटरक्षक दलाकडून फोन यायचा, आम्ही नकाशावर एक चौकोन काढून द्यायचो, आणि विमान तिथे जाऊन शोधायचं. आजवर ज्या होड्या शोधल्या, त्यांच्यावरची माणसं मला अनोळखी होती. आजच्या होडीचं नाव 'श्री सातेरी' होतं. तिच्यावर चार माणसं होती, आणि तांडेल, म्हणजे होडीचा मुख्य, माझा सख्खा थोरला भाऊ होता. मोहन त्याचं नाव. मी त्याला भाई म्हणते.

परवा सकाळी त्याचा शेवटचा फोन आला होता. "इंजिन बंद पडला हा. आमी व्हावतंव." होडी वाहायला लागलीय, एवढं सांगून तो रेंजच्या बाहेर गेला. इंजिन दुरुस्त करून तो येईल, म्हणून आम्ही दिवसभर वाट बघितली, आणि त्याच रात्री अवेळी वादळ उठलं. तेव्हापासून विमान धावपट्टीवर अडकून होतं. आज सकाळी आभाळ जरा उघडलं, आणि तटरक्षक दलाच्या कमांडंट घोरपडेंनी फोनवर स्वच्छ सांगितलं, "दुपारनंतर हवा पुन्हा बिघडणार आहे. एकच फेरी मिळेल. मला एकच चौकोन द्या, पण लवकर द्या."

आणि नेमका आजच प्रोग्राम आडवा पडत होता.

त्याचं कारण आम्हा तिघांनाही माहीत होतं. आमचा प्रोग्राम स्वभावानं भारी चौकस. 'होडी आत्ता कुठे आहे?' असं त्याला विचारलं, की तो म्हणायचा, 'आधी सांगा, थोड्या वेळापूर्वी कुठे होती?' हा प्रश्न तो स्वतःलाच विचारायचा. मग त्याच्याही आधी कुठे होती? त्याच्याही आधी? असं मागे मागे जात तो शेवटच्या फोनपाशी पोचायचा. तिथली जागा ठाऊक असायची. मग तिथून एकेक अडलेला प्रश्न सोडवत तो पुन्हा आजपर्यंत यायचा. दिसायला फार देखणी रीत. आम्हाला तिचा अभिमानही होता. अडचण एवढीच, की खालचं उत्तर येईपर्यंत वरचे सगळे प्रश्न मेमरीत ताटकळत उभे राहायचे. त्यातून एकच होडी धरून भागत नाही. ती कुठेकुठे गेलेली असू शकेल त्याचे हजारो ठिपके धरावे लागतात, आणि प्रत्येक ठिपक्याची ही वेगळी रांग.

एरवी होड्या दिवसभरात सापडायच्या, त्यामुळे रांग आखूड असायची आणि सगळं निभावून जायचं. भाईची होडी तिसऱ्या दिवशीही वाहत होती. माणूस जितका जास्त वेळ बेपत्ता, तितका आमचा प्रोग्राम लवकर मान टाकायचा. हे इतकी वर्षं कुणाच्या डोक्यात कसं आलं नाही, याचा मला त्या सकाळी इतका संताप येत होता की काही विचारू नका.

"ठिपके कमी करू," सर म्हणाले. "निम्मे टाकून द्या."

"कुठले निम्मे, सर?" मी म्हटलं. "त्यातल्याच एकावर भाई असेल."

"म्हणूनच म्हणतो, तू बोलू नकोस."

"ठिपके टाकायला नकोत," सलील म्हणाला. "साठवणच टाकतो."

सलील ओक पुण्याचा. वयानं माझ्याएवढा, हुशारीत माझ्याहून काकणभर सरस, आणि हे त्यालाही ठाऊक होतं. पण मनाचा स्वच्छ. रात्रभर तो खुर्चीतून उठला नव्हता. त्यानं बाह्या सारल्या आणि सरांना समजावलं, "आपण शेवटाकडून प्रश्न विचारत जातो, म्हणून रांग लागते. त्यापेक्षा हातात होडीची जागा घेऊनच निघू. एक वारा लावायचा, नवी जागा हातात घ्यायची, जुनी विसरून जायची. पुढचा वारा लावायचा. कुणी कुणासाठी ताटकळायला नको. तीन दिवस काय, महिनाभर वाहू दे, मेमरी तेवढीच लागेल."

हा उपाय काही त्याच्या डोक्यातून निघालेला नव्हता. ही विद्या शिकणाऱ्या प्रत्येकाला तो पहिल्या वर्षी शिकवतात. आम्ही तो केला नव्हता, कारण गरज पडली नव्हती.

त्यानं लिहायला घेतलं. मी त्याच्या बोटांकडे बघत बसले. माझी बोटं शिवशिवत होती. घोरपडेंचा फोन दोनदा वाजला, आणि दोन्ही वेळा सरांनी "देतो, देतो" म्हणून ठेवला.

लिहून झाल्यावर सलीलनं आधी तपासून पाहिलं. मागच्या हिवाळ्यात सापडलेल्या एका होडीचे आकडे घातले. जुन्या प्रोग्रामचं आणि नव्याचं उत्तर तंतोतंत जुळलं. मग त्यानं 'श्री सातेरी'चे आकडे घातले. मेमरी किती लागते ते दाखवणारी रेघ जमिनीला चिकटल्यासारखी सरळ राहिली, आणि बघता बघता नकाशावर ठिपके उमटले.

ते किनाऱ्याजवळ होते. आमच्या गावासमोरच्या खडकांच्या थोडं पलीकडे. वादळाच्या वाटेपासून दूर, उथळ पाण्यात.

सरांनी सलीलच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास!" आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "ऐकलंस ना? जवळच आहे. आता आईला फोन कर."

मी केला. "आये, जवळच आसा गो. खडकांच्या भायर." तिकडे एकच गलका झाला. आईचं रडणं ऐकू आलं, आणि मागे कुणीतरी ओरडलं, "होडये काढा रे!" मला हायसं वाटलं.

सरांनी चौकोन कळवला. विमान उडाल्याचा निरोप आला.

त्यानंतर घोरपडेंचा पुन्हा फोन आला. वैमानिकाला आणखी एक गोष्ट हवी होती. काल संध्याकाळी एक मालवाहू जहाज त्या बाजूनं गेलं होतं. त्यावरच्या लोकांना काही दिसलं नव्हतं. 'श्री सातेरी' काल संध्याकाळी साधारण कुठे असेल?

"ते आता साठवलेलं नाही," सलील म्हणाला. "पण चालता चालता छापायला लावतो. सोपं आहे."

आकडे स्क्रीनवरून सरकायला लागले. मी खुर्ची पुढे ओढली. खरं सांगते, मी चूक वगैरे शोधत नव्हते. मी भाईला बघत होते. शेवटच्या फोननंतर तो कुठे गेला, मग कुठे गेला, हे मला डोळ्यांनी पाहायचं होतं.

पहिल्याच ओळीत होडी किनाऱ्याकडे येत होती.

मी ती ओळ पुन्हा वाचली. परवा सकाळी भाईचा फोन आला तेव्हा मी केंद्राच्या गच्चीवर होते, आणि माझी ओढणी समुद्राच्या दिशेनं उडत होती. जमिनीवरून समुद्राकडे जाणारा वारा. आमच्याकडे त्याला मतलई म्हणतात. दिवसभर तोच होता. वादळानं वारा फिरवला तो रात्री. मग होडी पहिल्या तासात किनाऱ्याकडे कशी येईल?

"सलील, पहिल्यांदा कुठला वारा लावलास?"

"यादीतला पहिला."

"आणि यादीत पहिला कुठला असतो?"

"सगळ्यात नवा," तो म्हणाला.

हे बाहेरच्या माणसाला गमतीचं वाटेल, पण आमच्या धंद्यात यादीत नवीन गोष्ट नेहमी पुढे घालतात. मागे घालायची तर सगळी यादी ओलांडून जावं लागतं. पुढे घालणं स्वस्त पडतं, म्हणून सगळे तसंच करतात. आमची वाऱ्यांची यादीही तशीच होती. आत्ताचा वारा सगळ्यात पुढे, परवाचा सगळ्यात मागे. जुना प्रोग्राम प्रश्न विचारत आधी यादीच्या तळाशी जायचा आणि परत येताना एकेक वारा लावायचा. त्यामुळे क्रम आपोआप बरोबर लागायचा. कुणाला त्याचा विचारही करावा लागला नव्हता. सलीलचा नवा प्रोग्राम यादीच्या तोंडापासून निघाला होता. त्यानं होडीला आधी आजचा वारा लावला, मग कालचा, आणि सगळ्यात शेवटी परवाचा.

"काय झालं?" सरांनी विचारलं.

"वारे उलटे लागलेत, सर," मी म्हटलं. "विमान परत वळवायला हवं."

"तपासून घेतलं होतं ना? उत्तर जुळलं होतं."

"त्या होडीला दिवसभर एकच वारा होता. उलटा लावा की सुलटा, उत्तर तेच येणार."

"बरं, उलटे तर उलटे. वारे तेच आहेत ना? बेरीज बदलते का?"

"वारे तेच, पण पाणी तेच नाही! मतलई आधी आला. त्यानं होडी खोल पाण्यात नेली, आणि तिथल्या प्रवाहाची ओढ जबर आहे. नंतरच्या वाऱ्यानं ती परत आणायला बघितली असेल, पण तोवर ती कुठच्या कुठे गेली असणार. सलीलच्या हिशोबात ती खोल पाण्यात गेलीच नाही, सर. ती सगळा वेळ किनाऱ्यालगत फिरतेय."

माझा आवाज चढला होता. सरांनी खुर्ची ओढून माझ्यासमोर घेतली आणि फार हळू बोलायला लागले. आजारी माणसाशी बोलतात तसे. "वैजू, तू दोन दिवस झोपलेली नाहीस. विमान उडालंय. इंधन मोजकं आहे. आता वळवलं तर जवळचा भाग बघायचा राहून जाईल. आणि तू म्हणतेस ते चुकलं, तर?"

मी सलीलकडे बघितलं. आता हा काय म्हणेल त्यावर सगळं होतं. नवा प्रोग्राम त्याचा होता, शाबासकी त्याला मिळाली होती, आणि सरांचा सगळा विश्वास त्याच्यावर होता. तो नुसता 'बघतो' म्हणाला असता तरी विमान पुढे गेलं असतं.

तो पांढराफटक पडला होता. पण तो "बघतो" म्हणाला नाही. "ती म्हणते ते बरोबर आहे," असं म्हणून त्यानं एकच शब्द टाइप केला. यादी उलटी करणारा. प्रोग्राम पुन्हा चालवला.

ठिपके उमटले.

ते खूप लांब होते. खोल समुद्रात, वादळ ज्या पट्ट्यातून गेलं होतं त्याच्या काठावर.

"इथे?" सर म्हणाले. "वैजू, इथे लाकडी होडी टिकेल का? तुला कळतंय ना तू काय सांगते आहेस?"

"कळतंय."

"जवळच्या चौकोनात तो असण्याची निदान—"

"सर, जवळच्या चौकोनात भाई जिवंत आहे. मलाही तो तिथेच हवाय. कुठली बहीण आपल्या भावाला उचलून तिकडे ठेवील? तरी मी सांगतेय, तो तिकडे आहे."

सर उठले आणि त्यांनी फोन फिरवला. "घोरपडे, चौकोन बदलतोय." तिकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही, पण सरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी रिसीव्हर माझ्यापुढे धरला. "तूच सांग."

"पहिला चौकोन चुकीचा होता," मी म्हटलं. "वाऱ्यांचा क्रम उलटा लागला होता. आता बरोबर लावलाय."

"आपण कोण?"

"वैजयंती गिरप. इथेच काम करते. त्या होडीचा तांडेल माझा भाऊ आहे."

"तिकडे पाठवलं तर जवळचं काही बघता येणार नाही. माहीत आहे तुम्हाला?"

"माहीत आहे."

"नवे आकडे सांगा."

मी सांगितले. त्यांनी परत म्हणून दाखवले. फोन बंद झाला.

पण त्याहून कठीण फोन अजून व्हायचा होता. वाडीतली पोरं माझ्याच शब्दावर होड्या काढत होती.

"आये, पोरांका थांबव. कोणाक दर्यात घालू नको."

"कित्याक? तूच म्हटलंस मां, जवळ आसा?"

"चुकला गो. जवळ नाय. लांब आसा."

"किती लांब?"

"खोलात."

आईच्या भोवतीचा गलका हळूहळू थांबला. मग तिनं विचारलं, आणि इतक्या साध्या आवाजात, की मला वाटलं मी आता फोन टाकून पळून जाईन. "वैजू, माका सरळ सांग. आसा मां तो?"

"तो खंय आसतलो, ता माका म्हायत आसा, आये. आसा काय नाय, ता नाय म्हायत."

आईनं फोन ठेवला.

त्यानंतरचा वेळ कसा गेला ते मला सांगता येणार नाही. चहा आला आणि थंड झाला. सर येरझाऱ्या घालत होते. सलील दोन्ही हात मांडीत घालून बसला होता. त्याला काहीतरी बोलायचं होतं आणि मला ऐकायचं नव्हतं. मी मनातल्या मनात क्रम लावत होते. आधी मतलई, मग वादळाचा वारा, मग आजचा. पुन्हा आधी मतलई. कितीदा लावला तरी तोच येत होता, आणि तरीही दर वेळी वाटे, आपण कुठेतरी चुकलो तर भाईला आपणच मारला. त्याच्या जवळ जाणारं विमान आपणच वळवलं. असली भीती मला आयुष्यात पुन्हा वाटलेली नाही.

फोन वाजला. सरांनी झडप घातली.

"होडी दिसली," ते म्हणाले. "निम्मी पाण्यात आहे. माणसं हात हलवतायत."

"किती?"

"मोजतायत." त्यांनी तळहात उंच धरला. त्या तळहाताकडे मी किती वेळ बघत होते कोण जाणे. मग त्यांनी अंगठा आत घेतला.

चार बोटं.

मला वाटलं होतं मी रडेन. मी रडले नाही. मी उठले, सलीलच्या कीबोर्डवरून त्याचा प्रोग्राम नीट जतन केला, आणि आईला फोन लावायला सरांना सांगितलं.

त्या चौघांना बंदरावर आणून थेट इस्पितळात नेलं. सलील माझ्याबरोबर यायला तयार नव्हता. मी त्याला ओढतच नेलं, तर तो वॉर्डाच्या दाराशीच उभा राहिला. भाईचे ओठ फुटले होते, डोळे खोल गेले होते, पण तो भाईच होता. आईनं भरवलेली पेज गिळत होता.

"हा सलील," मी म्हटलं. "तुमची जागा शोधणारा प्रोग्राम ह्यानं लिहिला."

भाईनं हात जोडले. त्याबरोबर सलील पुढे आला आणि एका दमात बोलून गेला. "तसं नाही. मी आधी चुकीचं लिहिलं होतं. विमान चुकीच्या जागी निघालं होतं, माझ्यामुळे. वैजूच्या लक्षात आलं नसतं तर तुम्ही... तुम्ही तिथेच राहिला असता."

आईचा चमचा वाटीतच थांबला. चूक कुणाची होती, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

भाईनं त्याला न्याहाळून बघितलं. "मगे तिना सांगितल्यार तुमी किती येळ लावलात?"

"कशाला?"

"चूक मानूक."

सलील गोंधळला. "वेळ नाही लावला. चूकच होती ती."

"इमानातसून तराफो टाकल्यानी, आमी त्येच्यार चडलंव, आनी मागे बघलंव तर होडी नाय." भाई थांबला. त्याला एवढं बोलूनही धाप लागली होती. "दर्यात चूक मानूक येळ लावणारी माणसा मी बघलंय. ती आता नाय आसत. बस हय."

सलील कॉटच्या कडेला बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. मग मीही रडले. तीन दिवसांचं सगळं एकदम बाहेर आलं. आईनं आम्हा दोघांकडे आळीपाळीनं बघितलं, पेजेची वाटी बाजूला ठेवली, आणि आधी सलीलचे डोळे आपल्या पदरानं पुसले.